डोळ्यांची साक्ष

शिक्षकांनी प्रश्न विचारला की वर्गातील मुलांचे डोळे कुठे जातात, याचे निरीक्षण आपण कधी केले आहे का? काही मुले थेट शिक्षकांकडे पाहतात, काही मान खाली घालतात आणि बरीचशी छताकडे किंवा खिडकीबाहेर बघू लागतात. मग ठरलेले वाक्य येते, "वर काय बघतोस? छतावर उत्तर लिहिलंय का?" भंडारा जिल्ह्यातील करडीचा वर्ग असो की मुंबईतील एखाद्या मोठ्या शाळेचा, या वाक्यात फारसा फरक पडत नाही.

या वाक्यामागे एक जुनी समजूत आहे. ज्याला येते तो समोर पाहून उत्तर देतो. जो नजर फिरवतो त्याला येत नसते, किंवा तो काही लपवत असतो. 'नजर चोरणे' हा वाक्प्रचार याच समजुतीतून आलेला आहे. शाळेत तिचा परिणाम फार तर एखाद्या मुलाचा हिरमोड होण्यापुरता असेल. पण पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात तीच समजूत माणसाच्या आयुष्याशी खेळू शकते.

तेव्हा ती तपासून पाहायला हवी. डोळ्यांच्या हालचालींवरून मनातील आठवण ओळखता येते का? आणि एखाद्याने काही मुद्दाम विसरायचे ठरवले, तर तेही डोळ्यांत उमटते का? या प्रश्नांचा इतिहास सुमारे दीडशे वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात, शिक्षकांना आवडेल अशा ठिकाणी, म्हणजे वाचनाच्या अभ्यासात झाली.

झेप आणि विसावा

एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेकांना वाटे की वाचताना डोळे ओळीवरून सलग सरकत जातात, जसे बोट सरकते तसे. १८७८-७९ च्या सुमारास पॅरिसमधील नेत्रवैद्य लुई एमिल जावाल यांनी आपल्या लेखांतून वाचनाच्या शरीरक्रियेकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. त्यांच्या प्रयोगशाळेतील लामार यांनी पापणीला नळी टेकवून डोळ्याच्या हालचालीचा आवाज ऐकण्याची युक्ती काढली. सलग हालचालीचा सलग आवाज यायला हवा होता. प्रत्यक्षात ठक्, ठक् असे सुटे आवाज आले. डोळा ओळीवरून सरकत नव्हता. तो झेप घेत होता, क्षणभर थांबत होता आणि पुन्हा झेप घेत होता. या झेपेला पुढे 'सॅकेड' हे फ्रेंच नाव मिळाले. डोळ्यांच्या अभ्यासाला वळण देणारे जावाल स्वतः मात्र काचबिंदूमुळे उतारवयात पूर्ण अंध झाले.

डोळ्याला झेप का घ्यावी लागते? आपल्या दृष्टिपटलाचा अगदी मध्यभागचा लहानसा भागच बारीक तपशील टिपू शकतो. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहिले, तर ते जेवढे दिसते साधारण तेवढेच क्षेत्र एका वेळी स्वच्छ दिसते. बाकीचे सारे धूसर. म्हणून पाहायच्या प्रत्येक गोष्टीवर डोळ्याला हा भाग नेऊन रोखावा लागतो. सेकंदाला अशा तीन-चार झेपा होतात. वाचताना प्रत्येक विसावा सरासरी एक चतुर्थांश सेकंदाच्या आसपास असतो आणि शब्द वाचला जातो तो या विसाव्यात, झेपेत नव्हे.

१८९८ च्या सुमारास अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी या झेपांची रेघ उमटवण्याचे धाडसी तंत्र वापरले. डोळा औषधाने बधिर करून त्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मधे भोक असलेली इवलीशी वाटी बसवायची, तिला अॅल्युमिनिअमची हलकी काडी जोडायची आणि त्या काडीच्या टोकाने काजळी धरलेल्या फिरत्या पिंपावर रेघ ओढवून घ्यायची. वाचनाचे मानसशास्त्र आणि अध्यापन यांवरचे ह्यूईंचे पुस्तक १९०८ मध्ये आले आणि ते आजही वाचले जाते. १९०१ मध्ये रेमंड डॉज व क्लाइन यांनी पारपटलावरून परावर्तित होणारा प्रकाशकिरण छायाचित्राच्या सरकत्या काचेवर टिपला. आता डोळ्याला काही चिकटवण्याची गरज राहिली नाही. आजची यंत्रेही बहुतांशी परावर्तनाच्या याच तत्त्वावर चालतात. दृश्य प्रकाशाच्या जागी अवरक्त किरण आणि काचेच्या जागी कॅमेरा व संगणक आला, इतकेच.

डॉज यांनी एका गमतीदार गोष्टीकडेही लक्ष वेधले. आरशात स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे नजर न्या. डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट दिसतील. झेप चालू असतानाचे दृश्य आपल्याला जाणवत नाही. म्हणजे आपल्या डोळ्यांनी दिवसभरात काय काय केले, याची खबर आपल्यालाच सर्वांत कमी असते. नजरेला मनाचा खरा साक्षीदार मानण्याचा मोह होतो तो यामुळेच.

चित्र एकच, प्रश्न सात

वाचनात डोळ्याला ओळीचा रस्ता तरी आखून दिलेला असतो. चित्र पाहताना तो कुठून कुठे जातो? शिकागो विद्यापीठातील शिक्षणमानसशास्त्रज्ञ गाय बझवेल यांनी २०० माणसांना ५५ चित्रे दाखवून त्यांच्या नजरेच्या नोंदी घेतल्या आणि १९३५ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. सर्वांची नजर सारखी फिरत नाही, हे त्यांतून दिसलेच. शिवाय आणखी एक गोष्ट कळली. एका उंच इमारतीच्या छायाचित्रात खिडकीत कोणी माणूस दिसतो का ते शोधा, असे सांगताच त्याच माणसाची नजर त्याच चित्रावर अगदी वेगळी फिरली.

हे सूत्र पुढे नेले मॉस्कोच्या अल्फ्रेड यार्बुस यांनी. त्यांचे रशियन पुस्तक १९६५ मध्ये आणि इंग्रजी भाषांतर १९६७ मध्ये आले. इल्या रेपिन या चित्रकाराचे एक प्रसिद्ध चित्र आहे. बऱ्याच काळाने एक माणूस अचानक घरी परततो आणि घरातील मंडळी चकित होऊन त्याच्याकडे पाहतात, असा त्याचा विषय. यार्बुस यांनी एकाच माणसाला हे चित्र सात वेळा, दर वेळी तीन मिनिटे, दाखवले. पहिल्यांदा नुसतेच पाहायला सांगितले. मग कधी विचारले, या माणसांची वये काय असतील? कधी सांगितले, त्यांचे कपडे लक्षात ठेव. कधी, वस्तू व माणसे कुठे आहेत ते लक्षात ठेव. वये विचारली तेव्हा नजर चेहऱ्यांवर घोटाळली. कपडे लक्षात ठेवायचे होते तेव्हा ती अंगाखांद्यावरून खाली उतरली. जागा लक्षात ठेवायच्या होत्या तेव्हा ती साऱ्या खोलीभर हिंडली.

कपडे लक्षात ठेवताना जिथे डोळा थांबलाच नाही, तिथला तपशील स्मृतीत जाण्याची शक्यता कमीच. म्हणजे आठवणीची पेरणी नजरेपासून सुरू होते आणि नजरेला दिशा देतो प्रश्न. 'धडा वाचून या' आणि 'धड्यातल्या आजीने कोणते निर्णय घेतले ते शोधून या' या दोन सूचनांनी मुलांचे डोळे एकाच पानावर दोन वेगळ्या वाटांनी जातात.

रिकाम्या जागेकडे पाहणारे डोळे

ही झाली आठवण साठवण्याची बाजू. आठवण काढतानाही डोळे हलतात का?

१९९७ मध्ये स्टीफन ब्रांट आणि लॉरेन्स स्टार्क यांनी लोकांना चौकटींचा एक आकृतिबंध दाखवला आणि नंतर रिकाम्या पटलाकडे पाहत तो मनात आणायला सांगितले. समोर काहीच नसताना डोळे साधारण मूळ आकृतीच्या वाटेनेच फिरले. २००० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील डॅनिएल रिचर्डसन व मायकेल स्पायव्ही यांचा प्रयोग त्याहूनही साधा होता. पटलावर चार चौकटी. एकेका चौकटीत एक माणूस दिसतो आणि एकेक माहिती सांगून नाहीसा होतो. नंतर चारही चौकटी रिकाम्या असताना त्या माहितीवर प्रश्न विचारला, तेव्हा ऐकणाऱ्याचे डोळे वारंवार त्याच रिकाम्या चौकटीकडे गेले, जिथून ती माहिती आली होती. वास्तविक ती कानाने ऐकलेली होती आणि चौकटीत पाहण्यासारखे काहीही उरले नव्हते.

असे पाहण्याने आठवायला मदत होते का, यावर बरीच वर्षे मतभेद होते. रिचर्डसन व स्पायव्ही यांना उत्तरे अधिक अचूक झाल्याचे आढळले नाही. पुढे २०१४ मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या रॉजर योहान्सन व मिकाएल योहान्सन यांनी नजर कुठे ठेवायची यावरच बंधन घातले. वस्तू पूर्वी जिथे होती त्या जागेकडे पाहू दिले, तर ती आठवणे सोपे गेले. भलतीकडे पाहायला लावले, तर अवघड गेले. आठवण म्हणजे फक्त काय नव्हे; ती कुठे, केव्हा, कशासोबत यांच्याशी बांधलेली असते आणि डोळे त्या 'कुठे'चे टोक पकडून बाकीचे ओढून आणू पाहतात.

फळा पुसल्यावर प्रश्न विचारला आणि मुलगा फळ्याच्या उजव्या कोपऱ्याकडे टक लावून पाहू लागला, तर तो काही वाचत नसतो. सूत्र तिथे लिहिले होते, म्हणून तो तिथे शोधत असतो.

आणि छताकडे पाहणारा? त्याचेही उत्तर मिळाले आहे. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर ग्लेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की प्रश्न जितका अवघड, तितकी माणसे समोरून नजर जास्त काढून घेतात आणि तसे केल्याने आठवणेही सुधारते. समोरचा चेहरा ही फार बोलकी गोष्ट आहे. ती वाचण्यातच मनाची बरीच शक्ती जाते. ती वाचवण्यासाठी आपण डोळे मिटतो किंवा जिथे काही घडत नाही अशा ठिकाणी, म्हणजे छताकडे, पाहतो. स्कॉटलंडमधील ग्विनेथ डोहर्टी-स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की आठ वर्षांची मुले ही युक्ती पाच वर्षांच्या मुलांपेक्षा अधिक वापरतात. २००६ मध्ये त्यांच्या गटाने पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर बाजूला न्यायला शिकवले, तेव्हा मुलांची उत्तरे सुधारली. छतावर उत्तर लिहिलेले नसते हे खरे. पण छत कोरे असते म्हणूनच ते उपयोगी पडते.

उजवीकडे वर पाहिले म्हणजे माणूस खोटे बोलतो, डावीकडे वर पाहिले म्हणजे खरे आठवतो, असे सांगणाऱ्या कार्यशाळा आपल्याकडेही होत असतात. रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हा दावा तपासला. खोटे बोलणे आणि नजरेची दिशा यांत असा कोणताही संबंध त्यांना आढळला नाही.

ओळख लपवता येते का?

दिशेवरून खोटेपणा कळत नाही. पण ओळख कळते का? १९९९ मध्ये रॉबर्ट आल्थॉफ व नील कोहेन यांनी दाखवले की ओळखीच्या आणि अनोळखी चेहऱ्यांवर नजर वेगवेगळी फिरते. ओळखीच्या चेहऱ्यावर तिला कमी ठिकाणी थांबावे लागते. २००० मध्ये जेनिफर रायन व सहकाऱ्यांनी एकदा पाहिलेल्या दृश्यात छोटा बदल करून ते पुन्हा दाखवले. पाहणाऱ्यांचे डोळे बदललेल्या जागी अधिक वेळ गेले, आणि काय बदलले हे ज्यांना सांगता आले नाही त्यांचेही गेले. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांत मात्र हा परिणाम दिसला नाही. जे जिभेला सांगता येत नाही ते डोळ्यांना ठाऊक असते, असा निष्कर्ष निघाला. तो सर्वांना मान्य झाला नाही. २००६ मध्ये लॅरी स्क्वायर यांच्या गटाने, बदलाची जाणीव झालेल्यांचेच डोळे तिकडे जातात, असा पुरावा मांडला. हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

२०१२ मध्ये जर्मनीतील शार्लोट श्वेडेस व डिर्क वेंटुरा यांनी थेट लपवण्याचाच प्रयोग केला. अनेक चेहऱ्यांत एक ओळखीचा. तो ओळखीचा आहे हे दाखवायचे नाही. तरीही त्या चेहऱ्यावरचे विसावे लांबले. मग गुन्ह्याच्या तपासात हे का वापरू नये, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याकडे वळण्यापूर्वी स्मृतीची दुसरी बाजू पाहायला हवी.

'विसरा' म्हटल्यावर

विसरण्याचा पहिला मोजमापी अभ्यास जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून ते किती वेगाने विसरतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे मोजले. विसरणे आधी झपाट्याने आणि मग सावकाश होते, हा त्यांचा निष्कर्ष सर्वांना माहीत असतो. त्यांची दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते: पूर्ण विसरल्यासारखे वाटणारे पाठांतर पुन्हा करताना कमी वेळ लागतो. विसरलेले सारे पुसले गेलेले नसते.

मग मुद्दाम विसरणे काय असते? एस.टी.च्या कंडक्टरला या फेरीत कोणाचे सुटे पैसे द्यायचे राहिलेत हे लक्षात ठेवावे लागते आणि पुढच्या फेरीत तेच विसरावेही लागते, नाहीतर घोळ होईल. नको झालेले बाजूला सारणे ही चांगल्या स्मृतीचीच गरज आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील रॉबर्ट ब्योर्क यांनी याचे प्रयोग केले. शब्दांची एक यादी देऊन झाल्यावर 'ही विसरा, आता खरी यादी' असे सांगितले, तर पहिल्या यादीतील शब्द आठवणे अवघड होते आणि दुसरी यादी अधिक चांगली पाठ होते. पण पहिल्या यादीतले शब्द समोर ठेवून 'हे पाहिले होते का?' असे विचारले, तर ते जवळजवळ तितकेच ओळखता येतात. आठवण जागेवरच असते. तिच्याकडे जाणारी वाट बुजते.

ही वाट बुजवण्यात नजरेच्या यंत्रणेचा हात असल्याचा धागा कॅनडातील डलहौसी विद्यापीठाच्या ट्रेसी टेलर यांना २००५ मध्ये मिळाला. डोळे एखादी जागा नुकतीच तपासून आले असतील, तर लक्ष तिथे लगेच परत जायला काचकूच करते, हे मायकेल पोस्नर व योव्ह कोहेन यांनी १९८४ मध्येच दाखवले होते. एखादी वस्तू शोधताना तीच जागा पुन्हा पुन्हा पाहू नये, यासाठी ही सोय उपयोगी पडते. टेलर यांनी पटलाच्या एका बाजूला शब्द दाखवून नंतर 'ठेवा' किंवा 'विसरा' अशी खूण दिली. पुढे त्याच जागी एक ठिपका उमटला. 'विसरा' म्हटलेल्या शब्दाच्या जागी लक्ष परतण्याची ही टाळाटाळ अधिक दिसली. जणू शब्दाबरोबर त्याची जागाही मनाने सोडून दिली होती. आपली 'दृष्टीआड सृष्टी' ही म्हण इथे उलट्या बाजूने खरी ठरते: सृष्टीतला एक तुकडा मनाआड करायचा, तर आधी त्या जागेवरून लक्ष उचलावे लागते.

हे काम फुकट होत नाही. जोनाथन फॉसेट व टेलर यांनी २००८ मध्ये दाखवले की 'विसरा' ही सूचना पाळताना मनावर 'ठेवा' या सूचनेपेक्षा जास्त ताण पडतो. त्या क्षणी दुसरे काही करायला सांगितले, तर उशीर लागतो. आणि नुसती सक्ती तर उलटतेही. १९८७ मध्ये डॅनिएल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटे 'पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका' असे सांगितले. अस्वल पुन्हा पुन्हा येतच राहिले. उलट मायकेल अँडरसन व कॉलिन ग्रीन यांनी २००१ मध्ये, ठरावीक शब्द मनात येऊ न देण्याचा वारंवार सराव केला की तो नंतर आठवणे खरोखर कठीण होते, असे दाखवले. इतरांना तो परिणाम दर वेळी मिळालेला नाही.

डोळे आणि विसरणे यांची आणखी एक गाठ उपचारांत पडते. १९८९ मध्ये अमेरिकेतील फ्रान्सिन शपिरो यांनी, भीषण आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे हलवले की तिचा दाह कमी होतो, असे मांडले. हे कसे घडते यावर वाद आहेत. एक पटणारे स्पष्टीकरण १९९७ मध्ये जॅकी अँड्रेड व सहकाऱ्यांनी दिले. आठवणीतले चित्र आणि डोळ्यांची हालचाल मनाच्या एकाच मर्यादित फळ्यावर जागा मागतात, म्हणून चित्र फिके पडते. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर मदतकार्याच्या निमित्ताने ही पद्धत भारतात परिचित झाली आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातोत्तर ताणविकारासाठीच्या उपचारांत तिची शिफारस केली. यातही आठवण पुसली जात नाही. तिची धार बोथट होते. हे काम प्रशिक्षित व्यक्तीचे आहे, वर्गात करून पाहण्याचे नव्हे.

पुण्यातील एक खटला

आता न्यायालयाकडे वळू. शरीराच्या खुणांवरून आठवण वाचण्याची ही इच्छा महाराष्ट्रात एकदा थेट निकालपत्रापर्यंत पोहोचली. तिथे डोळ्यांऐवजी मेंदूतील विद्युतलहरी होत्या, पण प्रश्न तोच होता.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत काम केलेले शास्त्रज्ञ चंपाडी मुकुंदन यांनी एक चाचणी विकसित केली होती. डोक्याला इलेक्ट्रोड लावून संशयितासमोर घटनेशी संबंधित वाक्ये, 'मी अमुक केले' अशा प्रथमपुरुषी रूपात, वाचायची. संशयिताने काहीही बोलायचे नाही. ती गोष्ट त्याने नुसती ऐकलेली आहे की स्वतः अनुभवलेली, हे लहरींवरून ओळखता येते, असा दावा होता. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खून खटल्यात एका विद्यार्थिनीला आणि तिच्या जोडीदाराला जन्मठेप सुनावली, तेव्हा इतर पुराव्यांबरोबर या चाचणीचाही आधार घेतला गेला. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी त्यावर आश्चर्य आणि चिंता व्यक्त केली. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने असल्या चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे मत दिले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने आरोपींना जामीन दिला.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात निकाल दिला. पॉलिग्राफ, नार्को आणि मेंदूची विद्युतचाचणी संमतीविना कोणावरही करता येणार नाही. तसे करणे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) व २१ च्या विरुद्ध आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर होऊ नये, हे तत्त्व जिभेपुरते मर्यादित नाही, असा त्याचा अर्थ. हेच तत्त्व नजरेलाही लावायला हवे, असे मला वाटते.

कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी विज्ञानाची अडचण उरतेच. विसावा लांबला म्हणजे ओळख असू शकते. पण तो चेहरा कोणासारखा तरी वाटला, तो वर्तमानपत्रात पाहिला, किंवा नुसतीच भीती वाटली, म्हणूनही तो लांबू शकतो. प्रयोगशाळेत शंभर माणसांच्या सरासरीत दिसणारा फरक समोरच्या एका माणसावर लावता येत नाही. शिवाय नजर शिक्षणानेही घडते. रमेश मिश्रा, फाल्क ह्युटिग आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उत्तर भारतातील हिंदी भाषकांवर केलेल्या प्रयोगात, भरपूर शिकलेल्यांचे डोळे वाक्यातील विशेषण ऐकताच पुढे येणाऱ्या नामाच्या चित्राकडे आधीच वळले. अल्पशिक्षितांचे डोळे नाम ऐकल्यावरच वळले. भाषा दोघांचीही तीच होती आणि वाक्यही तेच. नजरेतला हा उशीर कोणी अज्ञान किंवा लबाडी मानला, तर शाळा न मिळालेल्या माणसावर दुसऱ्यांदा अन्याय होईल.

वर्गात करून पाहा

तीन छोटे प्रयोग फळा-खडूने होण्यासारखे आहेत.

एक : आरशाचा वर सांगितलेला प्रयोग जोडीने करा. स्वतःच्या डोळ्यांची झेप कोणालाच का दिसली नाही, यावर चर्चा करा.

दोन : फळ्याच्या चार कोपऱ्यांत चार नद्या आणि त्यांचे उगम लिहा. दोन मिनिटांनी फळा पुसा. दहा मिनिटांनी एकेकाला प्रश्न विचारा आणि दुसऱ्या मुलाला फक्त उत्तर देणाऱ्याचे डोळे कुठे जातात ते नोंदवायला सांगा. सर्वांचे डोळे योग्य कोपऱ्याकडे जाणार नाहीत. किती जणांचे गेले ते मोजा.

तीन : वीस साधे शब्द एकेक करून वाचा. प्रत्येक शब्दानंतर 'ठेवा' किंवा 'सोडा' असे म्हणा, दहा-दहा वेळा, क्रम मिसळून. शेवटी 'सोडा' म्हटलेलेही शब्द लिहायला सांगा. कोणते किती आठवले त्याचा तक्ता करा. मग ते वीस शब्द नव्या वीस शब्दांत मिसळून फळ्यावर लिहा आणि ऐकलेले ओळखायला सांगा. आठवणे आणि ओळखणे यांत किती अंतर आहे, ते मुलांना स्वतःच्याच आकड्यांत दिसेल.

या तिसऱ्या प्रयोगाचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. 'हा भाग परीक्षेला नाही' असे आपण सहज म्हणतो, तेव्हा आपण नकळत 'सोडा' ही खूण देत असतो आणि मुले ती मनापासून पाळतात. उलट चुकीचे उत्तर दुरुस्त करताना 'ते विसरा' एवढे म्हणून चूक जात नाही. ती वाट बुजण्यासाठी बरोबर उत्तराची वाट अनेकदा चालावी लागते.

आणि प्रश्न विचारल्यावर एखाद्या मुलीने छताकडे पाहिले, तर दहा सेकंद थांबावे. ती उत्तर चुकवते आहे की शोधते आहे, हे तिच्या डोळ्यांवरून आपल्याला सांगता येणार नाही. प्रयोगशाळेतील यंत्रांनाही ते एका माणसाबाबत खात्रीने सांगता आलेले नाही. तिने बोलायला सुरुवात केली की कळेल, आणि तेवढा वेळ देणे आपल्या हातात आहे.